तुळशीची माळ आणि गृहस्थाचा सदाचार

तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, चांगले जगणे म्हणजे काय या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे एकाच वेळी दिली जात होती. यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखनकारभाराचा प्रमुख, हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला आणि त्याच्या व्रतखंडात व दानखंडात कोणत्या तिथीला कोणते व्रत करावे, कोणती पूजा मांडावी, ब्राह्मणाला काय दान द्यावे यांचा तपशील मांडला. या दृष्टीने सदाचारी जीवन म्हणजे वर्षभर विधिपूर्वक पार पाडलेल्या व्रतांची मालिका होती, आणि ती पार पाडण्यास फुरसत, पुरोहित व पैसा ही तिन्ही लागत. दुसरे उत्तर महानुभाव पंथाचे होते. चक्रधरस्वामींच्या शिष्यवर्गाने व्रतांचे आणि दैवतांचे हे सारे अवडंबर नाकारले, अहिंसेला आणि मराठी भाषेला मान दिला. परंतु त्यांच्या आचारधर्माचा पूर्ण अधिकारी होता तो घर सोडून भिक्षेवर राहणारा, एका ठिकाणी फार काळ न थांबणारा संन्यासी. पहिले उत्तर ज्याच्याजवळ धान्याचे कोठार आहे त्याला परवडणारे होते आणि दुसरे ज्याला कोठाराची गरजच उरली नाही त्याला. नांगर धरणारा कुणबी, चाकावर मडके घडवणारा कुंभार, कापड बेतणारा शिंपी आणि दळण दळणारी दासी यांच्यासाठी या दोहोंपैकी कोणत्याही वाटेवर फारशी जागा नव्हती.

ती जागा पंढरपुरात निर्माण झाली. विठ्ठलाचे तेथील स्थान या काळात नवे नव्हते, कारण मंदिरातील 'चौऱ्यांशीचा शिलालेख' या नावाने प्रसिद्ध असलेल्या लेखात १२७३ ते १२७७ या वर्षांत अनेक लोकांनी दिलेल्या देणग्यांची नोंद आहे आणि त्यावरून देवस्थान भरभराटीला आलेले दिसते. नवे होते ते या देवाभोवती जमलेल्या माणसांचे वळण. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली, नामदेव शिंपी कीर्तन करू लागले, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखामेळा आणि जनाबाई यांची नावे एकमेकांच्या अभंगांत येऊ लागली. यांपैकी बहुतेकांच्या नावाला त्यांचा धंदा जोडलेला आहे, आणि तो त्यांनी सोडला असे परंपरा सांगत नाही. सदाचाराचा विचार करणाऱ्याने या साध्या गोष्टीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण संतत्व मिळाल्यावरही धंद्याची ओळख टिकून राहणे ही त्या काळच्या धर्मविचारात सहज घडणारी गोष्ट नव्हती.

वारकरी होणे म्हणजे 'माळ घालणे'. हा संस्कार आजही फारसा न बदलता चालत आलेला आहे आणि त्याचा साधेपणा लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याला माळ घ्यायची आहे तो एखाद्या ज्येष्ठ वारकऱ्याकडे किंवा फडकऱ्याकडे जातो. फड म्हणजे एखाद्या मान्यवर कीर्तनकाराच्या परंपरेभोवती जमलेला वारकऱ्यांचा संघ आणि फडकरी म्हणजे त्याचा प्रमुख. एकशे आठ मण्यांची तुळशीची माळ ज्ञानेश्वरीच्या पोथीवर ठेवली जाते, पाळावयाचे नियम सांगितले जातात, घेणारा ते मान्य करतो आणि माळ त्याच्या गळ्यात पडते. होमहवन नाही, मोठी दक्षिणा नाही, मुहूर्ताचा आग्रह नाही. कानात सांगायचा गुप्त मंत्रही नाही, कारण 'रामकृष्णहरि' हा संप्रदायाचा मंत्र टाळमृदंगाच्या गजरात उघड्यावर म्हटला जातो. स्त्रीला माळ घेता येते, आणि पतीने घेतली नसली तरी घेता येते.

या वेळी सांगितल्या जाणाऱ्या नियमांत फडापरत्वे थोडा फरक असला तरी गाभा सर्वत्र एकच आहे. खरे बोलावे, परस्त्री मातेसमान मानावी, मांस आणि मद्य वर्ज्य करावे, पंधरवड्याची एकादशी करावी, रोज हरिपाठ म्हणावा, वर्षातून निदान एकदा, आषाढीला किंवा कार्तिकीला, पंढरीची वारी करावी, आणि आपला प्रपंच नेकीने करावा. हेमाद्रीच्या व्रतखंडाशेजारी ही यादी ठेवली म्हणजे तिच्यातील निवड किती विचारपूर्वक केलेली आहे ते कळते. शेकडो व्रतांपैकी वारकऱ्यांनी एकादशी तेवढी जवळ केली, आणि ती अशी की जिला खर्च लागत नाही, उलट घरातले एका दिवसाचे धान्य वाचते. बाकीचे नियम तिथीवर अवलंबून नाहीत. ते बाजारात, शेताच्या बांधावर आणि स्वयंपाकघरात रोज पाळायचे आहेत. पुण्य ही वर्षातल्या ठरावीक दिवशी कमवायची वस्तू न राहता रोजच्या वर्तनाचा गुण बनली, आणि या संप्रदायाचे नीतीच्या इतिहासातील खरे कर्तृत्व येथेच आहे.

माळेचे दुसरे कार्य सामाजिक होते. ती कपड्याखाली लपवायची वस्तू नाही; कपाळीच्या गोपीचंदनाबरोबर आणि बुक्क्याबरोबर ती चारचौघांना दिसते. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याने वजनात मारले, उधारी नाकारली किंवा दारूच्या गुत्त्याकडे पाय वळवला तर गावात पहिला उल्लेख माळेचा होतो. 'माळकरी' या शब्दाला खेडोपाडी जी पत आली तिचे कारण हेच. नियम मोडल्यास शिक्षा करणारे पीठ या संप्रदायात नाही, बहिष्कार घालणारा धर्माधिकारी नाही. जो नियम पाळू शकत नाही त्याने माळ उतरवून ठेवावी एवढीच अपेक्षा असते आणि ती उतरवण्याची लाज हाच काय तो दंड. माळ चुकून तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात घातल्याशिवाय अन्न न घेण्याची रीत अनेक घरांत पाळली जाते. एका दोऱ्याला इतके महत्त्व देणे कोणाला कर्मठपणाचे वाटेल, परंतु लेखी करार न करणाऱ्या समाजात दिलेला शब्द अंगावर वागवण्याची ही रीत होती, आणि तिने शतकानुशतके काम दिले आहे.

धंद्यातच धर्म आहे या विचाराला ज्ञानेश्वरीत तात्त्विक आधार मिळतो. अठराव्या अध्यायाच्या विवरणात, आपल्या वाट्याला आलेले कर्म हीच ईश्वराची पूजा होय, असा अर्थ ज्ञानेश्वरांनी पुनःपुन्हा उलगडला आहे. सावता माळ्याच्या चरित्रात तो कथारूपाने दिसतो. सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचा हा माळी मळा सोडून पंढरीला गेला नाही, मुळा, भाजी, लसूण, मिरची यांतच त्याने विठ्ठल पाहिला, अशी समजूत आहे. आणि म्हणूनच पांडुरंगाची पालखी अरणला त्याच्या भेटीला नेण्याचा प्रघात पडला. वारी हा ज्या संप्रदायाचा प्राण, त्याने वारीला न जाणाऱ्या माणसाला संतमालिकेत मानाचे स्थान द्यावे, यात त्या संप्रदायाच्या मूल्यांचा क्रम स्पष्ट होतो. या विचाराला दुसरी बाजूही होती आणि ती पुढे पाहावी लागेल, कारण वाट्याला आलेले कर्म पवित्र मानताना ते कोणी आणि कोणत्या हक्काने वाट्याला घातले हा प्रश्न सहज मागे पडतो.

प्रपंच नेकीने करणे म्हणजे नेमके काय, याची सर्वांत कठीण परीक्षा सतराव्या शतकात देहू गावी झाली. तुकारामांचे घराणे कुणबी, व्यवसाय वाण्याचा, घरात पेठेची महाजनकी म्हणजे बाजाराच्या व्यवस्थेचा वतनी हक्क, आणि जोडीला सावकारी. त्या काळच्या खेड्यात पेरणीच्या वेळी घेतलेले धान्य सुगीला दीडपट करून फेडण्याची, 'वाढीदिढी' म्हणून ओळखली जाणारी पद्धत रूढ होती आणि पैशाचे व्याजही जबर असे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात ही सारी व्यवस्था कोलमडली; गुरे मेली, तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. दुष्काळ सरल्यावर घरात उरली ती लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते. परंपरा सांगते की तुकारामांनी ती खते पुढे मांडून धाकटा भाऊ कान्होबा याला निम्मी वाटून दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीच्या डोहात बुडवली.

अभंगांच्या वह्या बुडवल्याची आणि त्या तरल्याची कथा अधिक प्रसिद्ध आहे, कारण तिच्यात चमत्कार आहे. नीतीच्या दृष्टीने मोठी घटना मात्र खते बुडवण्याची होय. तिच्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. दुष्काळाने नागवलेल्या कुळाकडून कायद्याने येणे असलेली रक्कमही धर्माने मागता येत नाही, हा निर्णय तुकारामांनी स्वतःपुरता घेतला. आणि भावाच्या हिश्शाला त्यांनी हात लावला नाही, म्हणजे स्वतःचे पुण्य दुसऱ्याच्या खर्चाने केले नाही. दानाचा गौरव करणारे वाङ्मय त्यापूर्वी विपुल होते, परंतु दान देणाऱ्याचा हात वर राहतो आणि घेणाऱ्याचा खाली. खत बुडाले की देणेकरी माणूस कोणाच्या उपकाराखाली न राहता मोकळा होतो. महिपतींनी 'भक्तविजय' (१७६२) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) या ग्रंथांतून ज्या संतकथा घरोघर पोचवल्या त्यांमध्ये देवाने भक्तासाठी राबल्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. कागद नदीत टाकणाऱ्या सावकाराची गोष्ट त्या सर्वांपेक्षा निराळी आणि आजच्या वाचकाच्या अधिक जवळची आहे.

तुकारामांनी घर सोडले नाही हे खरे, पण घर चालवण्याचा भार दुसरी पत्नी जिजाई हिच्यावर किती पडला हेही दृष्टीआड करता येत नाही. चरित्रकारांनी तिला कजाग म्हणून रंगवले आणि कीर्तनकारांनी तिच्या बोलण्यावर श्रोत्यांना हसवले. मुलांना जेवू घालण्याची चिंता करणाऱ्या बाईवर हा मोठा अन्याय झाला. गृहस्थाच्या सदाचाराचा हिशेब मांडताना गृहिणीचा खर्च वगळला गेला, आणि ही उणीव संप्रदायातील एका स्त्रीनेच शब्दांत आणली. तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई यांनी अभंगरूपाने आत्मचरित्र लिहिले. मराठीतील स्त्रीच्या आत्मकथनाचा तो फार जुना नमुना आहे. जन्माने ब्राह्मण असलेल्या बहिणाबाईंनी शूद्र गुरू मनाने स्वीकारला तेव्हा पतीने त्यांना मारहाण केली, आणि ती त्यांनी लपवली नाही. पतिव्रताधर्म आणि भक्ती या दोन्ही गोष्टी खऱ्या मानणाऱ्या त्या स्त्रीची घालमेल त्या रचनेत जशी उतरली आहे तशी कोणत्याही पुरुष संताच्या चरित्रात उतरणे शक्यच नव्हते, कारण पुरुषाला भक्तीसाठी घरात परवानगी मागावी लागत नव्हती.

कीर्तनाविषयीचा नियम याच नीतीतून आला. जेथे कीर्तन करावे तेथे द्रव्य घेऊ नये, तेथले अन्नही घेऊ नये, असा कडक दंडक संप्रदायात सांगितला जातो. उपदेश हा धंदा झाला की उपदेशक श्रोत्यांच्या मर्जीचा गुलाम होतो ही जाण त्यामागे आहे. हा नियम अलीकडे किती पाळला जातो याविषयी संप्रदायातील जुनी माणसेच खंत व्यक्त करतात, आणि ती खंत रास्त आहे.

वारीचे आजचे शिस्तबद्ध रूप तुलनेने अलीकडचे आहे. तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पादुकांच्या पालखीची प्रथा सुरू केली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या सोहळ्याला स्वतंत्र बांधणी दिली. हैबतबाबा मूळचे शिंद्यांच्या पदरचे सरदार, त्यामुळे दिंड्यांचा क्रम, मुक्कामाच्या जागा, चोपदाराची आज्ञा आणि रिंगणातला अश्व यांत लष्करी व्यवस्थेची खूण राहिली. या व्यवस्थेने सदाचाराच्या नियमांना दरवर्षीची उजळणी मिळवून दिली. सुमारे तीन आठवडे माणूस आपल्या गावच्या पदापासून, घराण्याच्या मानापासून आणि वैरापासून दूर असतो. पाटील आणि त्याचा सालगडी एकाच पंक्तीत चालतात, एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात आणि ओळख नसलेल्यालाही 'माउली' म्हणून हाक मारतात. पाया पडण्याचा मान वयाला आणि जातीला राखून ठेवणाऱ्या समाजात सर्वांनी सर्वांच्या पाया पडणे हा लहानसा विधी नव्हे.

तरीही हीच वारी जातीच्या प्रश्नापाशी अडली, आणि हा इतिहास प्रेमाने सांगणाऱ्यानेच तो स्पष्ट सांगितला पाहिजे. इरावती कर्वे यांनी दिंडीबरोबर पायी चालून लिहिलेल्या 'वाटचाल' या लेखात, भजनात एक होणाऱ्या लोकांच्या दिंड्या आणि चुली जातीनुसार वेगळ्या कशा राहतात याची नोंद दुःखाने केली आहे. त्याहून खोल जखम चोखामेळ्याची. मंगळवेढ्याच्या या महार संताने नियम पाळण्यात काय कसूर केली होती? तरी त्याला मंदिराच्या दारापुढे जाता आले नाही. १३३८ मध्ये गावकुसाच्या बांधकामावर वेठीने राबत असताना भिंत कोसळून तो गेला, नामदेवांनी त्याच्या अस्थी आणल्या आणि समाधी बांधली ती महाद्वारासमोर, पायरीच्या खाली. त्याची पत्नी सोयराबाई हिने आपल्या अभंगांत विटाळ देहातच उपजतो तर मग शुद्ध कोण, असा सरळ प्रश्न विचारला, आणि त्याला शास्त्रींकडे उत्तर नव्हते.

माळेच्या नियमांतही ही अडचण दडलेली होती. मांसवर्ज्य हा नियम माळ्याला किंवा वाण्याला सोपा जातो. ज्या जातीवर मेलेली जनावरे ओढण्याचे काम गावगाड्याने वतन म्हणून लादले आणि मोबदल्यात बहुधा तेच मांस वाट्याला ठेवले, त्या जातीच्या माणसाला तोच नियम रोजच्या अन्नाचा प्रश्न होऊन भिडतो. सदाचाराची एकच यादी सर्वांना दिली म्हणजे समता येत नाही, कारण ती पाळण्याची किंमत प्रत्येकाला निराळी पडते. 'वाट्याला आलेले कर्म' या सुंदर कल्पनेची मघाशी उल्लेखलेली दुसरी बाजू हीच.

एकोणिसाव्या शतकात सुशिक्षितांनी या परंपरेकडे पुन्हा पाहिले. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने तुकारामांचे अभंग उपासनेत आणले, न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील १९०० च्या ग्रंथात संतांच्या कार्याची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली, तर इतिहासाचार्य राजवाडे यांनी संतांच्या शिकवणीने समाज निष्क्रिय झाला असा ठपका ठेवला. गं. बा. सरदार यांनी १९५० मध्ये 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' या पुस्तकात या दोन टोकांमध्ये अधिक समतोल मांडणी केली. संतांनी विषमतेची धार बोथट केली, तिचा पाया उखडला नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे आणि तो पुराव्याला धरून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पवित्रा याहून गुंतागुंतीचा होता. 'मूकनायक'च्या शीर्षस्थानी तुकारामांची आणि 'बहिष्कृत भारत'च्या शीर्षस्थानी ज्ञानेश्वरांची रचना त्यांनी छापली, १९४८ चा अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, आणि तरीही संतांच्या मार्गाने अस्पृश्यता जाणार नाही हे मत सोडले नाही.

संप्रदायाच्या आत शिक्षणाची घडी बसवण्याचे काम विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढून केले. तोवर घराण्यांपुरते राहिलेले प्रवचन-कीर्तनाचे शिक्षण तेथे बाहेरच्या मुलांना खुले झाले. पंढरीच्या मंदिराचे दार मात्र अस्पृश्य मानलेल्यांना त्यानंतरही तीस वर्षे बंद राहिले. ते उघडण्यासाठी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. दहा दिवसांनी मार्ग निघाला. चोखामेळा गेल्याला तेव्हा सहाशेहून अधिक वर्षे झाली होती, आणि या सर्व काळात माळेचे नियम निष्ठेने पाळणारी असंख्य माणसे त्याच्या समाधीवरून पुढे मंदिरात जात होती.

गाडगे महाराजांनी या नीतीचा विस्तार ज्या दिशेने केला ती पाहिली म्हणजे नियमांच्या यादीत काय उणे होते ते समजते. दारू नको आणि खोटे नको हे त्यांनी राखले, पण त्याबरोबर कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे मारू नका, मुलांना शाळेत घाला, जेवायची ताटे मोडा पण शिक्षण थांबवू नका, असे कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारत विचारत सांगितले, आणि कीर्तनाआधी गावचे रस्ते खराट्याने झाडले. देऊळ एकही बांधले नाही. बांधल्या त्या धर्मशाळा. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना उतरायला जागा मिळत नसे, म्हणून त्यांनी तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली आणि पुढे १९४९ मध्ये ती इमारत आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली.